आजीचा पाळणा रंगवायचा नाही, असं ठरलं

भाचीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सावंतवाडीजवळच्या आमच्या गावच्या घरी व्हायचंय. म्हणून माळ्यावरचा पाळणा खाली काढला आणि घरात दोन तट पडले. दादाचं म्हणणं, पॉलिश पेपर मारून सगळा रंग उतरवू, नवा ऑइल पेंट देऊ आणि बाळाला त्यातच निजवू. वहिनीला तो हातही न लावता ओटीवर टांगायचाय. सावंतवाडीच्या चितारआळीत, म्हणजे लाकडी वस्तू रंगवणाऱ्या कारागिरांच्या आळीत, माझं येणंजाणं जास्त, त्यामुळे शेवटचा शब्द माझ्यावर सोडला.

पाळणा माझ्या आजीचा. गज कातीव, त्यांवर तांबडी, पिवळी, काळी वळी. हा रंग ब्रशने दिलेला नाही. कातायला लावलेला गज गरगर फिरत असताना त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाने लाख तापते, वितळते आणि लाकडावर बसते. मग केवड्याच्या पानाने ती घोटतात, तेव्हा ती चकाकी येते. बाजूच्या फळ्यांवर मात्र हाताने काढलेली फुलांची वेल आहे. तिच्याखाली चिंचोक्याच्या खळीचं आणि खडूचं अस्तर, त्यावर रंग, सगळ्यात वर लाखेचा हात. गंजिफांची, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची, पानं करतानाही अस्तर असंच चिंचोक्याचं देतात. सावंतवाडीच्या राजवाड्यात राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी केली म्हणून आज ती बघायला तरी मिळते.

एका फळीवर हिरवा ऑइल पेंट आहे. काकाच्या लग्नात घराच्या खिडक्या रंगवल्या, तेव्हा उरलेला रंग पाळण्याला दिला असं आत्या सांगते. त्या हिरव्याखाली वेल आहे. तिरप्या उजेडात तिचा उंचवटा दिसतो.

दादाने मागे घरचं सागवानी कपाट खरवडून पॉलिश केलं होतं आणि ते खरोखर देखणं झालं. तिथे रंग फक्त वरून फासलेला होता, खाली उत्तम साग होता. पाळण्याचं गणित उलटं आहे. गज पांगाऱ्याचे, म्हणजे हलकं, मऊ, फिकट लाकूड. खेळण्यांना आणि चितारकामाला चांगलं, पण नुसतं उघडं ठेवून बघत राहावं असं त्यात काही नाही. इथे काम म्हणजे रंगच. तो काढला की मागे उरेल ते जळाऊ लाकूड, असं मी दादाला स्पष्ट सांगितलं.

हिरवा थर तेवढा काढता येईल का, हेही पाहिलं. रंग काढायचं रसायन लाखेलाही सोडत नाही. स्पिरिटमध्ये तर लाख विरघळतेच. पाण्याने खालचं अस्तर फुगतं. राहता राहिलं धारदार पातं आणि माणसाचा संयम, त्यातही वेलीचे पोपडे निघायचे. मला हिरवा रंग आवडत नाही, पण तो राहू दे. निदान तो खालचं झाकून तरी आहे.

आता बाळाचं. याबाबतीत माझं मत वहिनीपेक्षाही कडक आहे. जुन्या चितारकामात पिवळ्यासाठी हरताळ वापरत, तांबड्यासाठी हिंगूळ. पहिल्यात आर्सेनिक, दुसऱ्यात पारा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता दाट. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) सक्तीची मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. दात येणारं मूल समोरचा गज चावणारच. आणि पॉलिश पेपर मारला तर तीच धूळ घरभर, बाळंतिणीच्या खोलीत. लहान मुलांच्या मेंदूला शिसं किती घातक, हे माहीत असताना मी त्याला हो म्हणणार नाही.

दादाच्या समाधानासाठी चितारआळीतल्या एका म्हाताऱ्या कारागिरांना घरी आणलं. त्यांनी गजावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "नवो करून दितंय बाय, पण मगे ह्यो तुमच्या आज्येचो पाळणो रवाचो नाय." दादा गप्प झाला. मला बरं वाटलं, कारण ते स्वतःच्या मजुरीवर पाणी सोडून बोलत होते.

तर ठरलं ते असं. धूळ कोरड्या, मऊ ब्रशने काढायची. काजळी जिथे फार आहे आणि लाख शाबूत आहे, तिथे कापसाच्या बोळ्यावर किंचित थुंकी घेऊन हळू पुसायचं. संग्रहालयातले लोकही हे करतात. दोन गज मोडलेत, ते कारागीर नवे कातून देणार आहेत. रंग त्याच जातीचे, पण जरा फिके, आणि टोकाखाली वर्ष कोरलेलं, म्हणजे पुढे कुणी जुन्यानव्याची गल्लत करणार नाही. किडीने पोखरलेल्या भोकांतून लाकडाचं पीठ गळतंय. त्यात सुईने औषध सोडायचंय, पण ते बारसं झाल्यावर.

बारसं याच पाळण्यात. बाराव्या दिवशी बाळ काही गजाला तोंड लावत नाही, खाली जाड गोधडी असेल, आणि "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" व्हायला कितीसा वेळ लागतो. दोर आणि आढ्याची कडी नवी घालायची, त्यात तडजोड नाही. रोजच्या झोपेला सुती लुगड्याची झोळी. ती बांधायचं दादाने स्वतःहून अंगावर घेतलंय.