सायमा रेक्टा, तिसरा प्रयत्न: मधली रेघ गेली

काल संध्याकाळी सायमा रेक्टाचा, म्हणजे वर खोलगट आणि खाली फुगीर अशा S आकाराच्या प्लास्टरच्या नक्षीपट्टीचा (मोल्डिंगचा), दोन फुटांचा सलग तुकडा निघाला, आणि या वेळी त्याच्या मध्यावर ती रेघ नाही. आधीचे दोन तुकडे वाकडे नव्हते की तुटले नव्हते. पण टेबल लॅम्प बाजूने लावला की फुगीर भाग संपून खोलगट भाग सुरू होतो तिथे कागदाला घडी पडावी तशी रेघ दिसायची. बोट फिरवलं तर काहीच लागायचं नाही. पॉलिश पेपरनेही ती जाईना.

दोष आखणीत होता. नेहमीची कंपासची पद्धत मी वापरली होती: ४० मिमीच्या चौकोनाचा कर्ण घ्यायचा, त्याचे दोन समान भाग करायचे, प्रत्येक भागावर समभुज त्रिकोण रचायचा, एकाचा उजवीकडे, दुसऱ्याचा डावीकडे, आणि त्यांच्या शिरोबिंदूंवर टोक ठेवून २८.३ मिमी त्रिज्येचे कंस मारायचे. कंस जुळतात अगदी नीट, पण जोडावर बाक क्षणात एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो. हाताला ते कळत नाही, उजेडाला कळतं.

रोमन मोल्डिंगमध्ये असे वर्तुळाचे कंस सर्रास सापडतात. ग्रीक आकार मात्र चपटे, सावकाश वळणारे, कंपासमध्ये न बसणारे. ‘सायमा’ हा शब्दच ग्रीक भाषेतल्या लाटेवरून आला आहे, आणि लाटेला जोड नसतो. म्हणून आलेखाच्या कागदावर हाताने नवा आकार काढला. मधले साधारण १० मिमी जवळजवळ सरळ ठेवले आणि टोकांकडे जाताना बाक वाढवत नेला. त्यावरून जस्ताचा पत्रा कापला, बारीक कानशीने कड साफ केली आणि लाकडी पाठीवर ठोकला. हाच साचा; तो ओल्या प्लास्टरवरून ओढला की पट्टीला आकार येतो.

ओढताना दुसरी अडचण येते ती प्लास्टर ऑफ पॅरिसची. घट्ट होताना ते किंचित फुगतं, मग शेवटच्या फेरीला साचा अडतो आणि पृष्ठभाग ओरबाडला जातो. म्हणून पहिला थर ३ मिमी मोठ्या आकाराच्या वेगळ्या पत्र्याने ओढून अंतिम पृष्ठभागापेक्षा खोलच राहू दिला. तो फुगून शांत झाल्यावर साईसारखा पातळ शेवटचा थर दिला आणि खरा साचा एकाच दमात, न थांबता ओढला. हात थांबला की तिथे पट्टा उमटतोच.

आज सकाळी तुकडा खिडकीत धरला. वरचा खोलगट भाग सावलीत, मध्यावरून फुगवट्यावर उजेड, आणि खाली उतरताना तो कुठे विरला ते सांगता येत नाही. किती तरी वेळ पाहत बसले. कॉर्निसच्या (इमारतीच्या माथ्यावरच्या पुढे आलेल्या कंगोऱ्याच्या) अगदी वर हाच आकार का ठेवत, ते आता डोळ्यांना पटलं. त्याची वरची धार पातळ असते, पण तिच्यावर ओझं येत नाही. ओझ्याखाली उलटा सायमा रिव्हर्सा येतो, फुगीर भाग वर घेऊन.

पुढचा तुकडा या सायमा रिव्हर्साचाच. अथेन्सच्या एरेक्थिऑन मंदिरावर (इ.स.पू. ४२१–४०६) त्यावर पानं आणि भाल्यांची टोकं कोरलेली आहेत, आणि पानाची कड मोल्डिंगच्या आकाराचंच वळण घेते. हे कोरायचं तर प्लास्टर अर्धवट ओलं असताना की पूर्ण वाळल्यावर? ज्यांनी केलंय त्यांनी आपली हत्यारंही सांगा. माझ्याकडे फक्त लाकूडकामाच्या दोन पटाशा आहेत.