फ्रेडरिक्सबर्गची एचए-१९ पाणबुडी : टूरच्या व्हॅनने जाऊ नका

टेक्सासमधल्या ऑस्टिनहून फ्रेडरिक्सबर्गला टूरने निघणार असाल, तर पैसे भरण्याआधी एकच विचारा, म्युझियमला वेळ किती देणार? आमच्या टूरच्या जाहिरातीत सगळ्यात मोठा फोटो एचए-१९ या छोट्या जपानी पाणबुडीचा होता. प्रत्यक्षात दिवस गेला हायवे २९० वरच्या वायनऱ्यांत (वाइन बनवून चाखवणारी ठिकाणं), आणि नॅशनल म्युझियम ऑफ द पॅसिफिक वॉरच्या दारात व्हॅन जेमतेम तासभर थांबली. तिकीट वेगळं काढायचं, हे उतरल्यावर कळलं. ही फसवणूकच. चिडून पुढे स्वतःच्या गाडीने गेलो, तेव्हा कुठे ती नीट पाहिली.

आतला रस्ता घटनाक्रमाने जातो, त्यामुळे पर्ल हार्बरचा, म्हणजे हवाईतल्या अमेरिकी नौदलतळावरच्या जपानी हल्ल्याचा भाग लवकर येतो. तिथेच थांबा, पाय ताजे असताना. पाणबुडी तिथेच आहे, सुमारे २४ मीटर लांब, ४६ टनांची, आणि आत माणसं दोनच. ७ डिसेंबर १९४१ च्या पहाटे जपानने मोठ्या पाणबुड्यांच्या पाठीवरून अशा पाच सोडल्या. हिचा जायरोकंपास (दिशा दाखवणारं यंत्र) निघतानाच बंद होता, तरी २३ वर्षांचा काझुओ साकामाकी निघाला. बंदराचं तोंड मिळेना, प्रवाळात पुन्हापुन्हा रुतली, शेवटी ओआहू बेटाच्या पूर्वेला अडकली. उडवून द्यायला पेटवलेला सुरुंग फुटलाच नाही. सोबती कियोशी इनागाकी बुडाला, साकामाकी अमेरिकेच्या हाती लागलेला पहिला जपानी युद्धकैदी ठरला. जपानने या मोहिमेतल्या बाकीच्या नऊ जणांना युद्धदेव मानलं, याचं नाव गाळलं. ते वाचून घशाशी आवंढा आला.

शेपटाकडे जरूर जा. एकामागे एक, उलट फिरणारे दोन पंखे, आणि सुकाणू त्यांच्या पुढे. म्हणूनच ही वळायला इतकी जड. तासाभरात हे बघून होत नाही.

युद्धात अमेरिकेने हिला गावोगाव फिरवलं, वॉर बाँड किंवा स्टॅम्प (युद्धखर्चासाठी सरकारने विकलेले रोखे आणि तिकिटं) घेणाऱ्यालाच बघायला मिळे. १९९१ मध्ये साकामाकी स्वतः टेक्सासमध्ये येऊन हिच्यासमोर उभा राहिला.

अमेरिकी अ‍ॅडमिरल निमित्झचं म्युझियम वेळ उरला तर. शनिवारी २९० वर गाड्या मुंगीसारख्या सरकतात, तेव्हा शनिवार टाळा. नाहीच जमलं तर उजाडताच निघा, दार उघडताना आत असा, आणि वायनऱ्या परतीच्या वाटेवर ठेवा.