आमची वाटचाल : बॅटरी राखायला निघालो आणि बॅटरीच खाल्ली

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात दारामागे एक फळी आहे. तिच्यावर आमचे बाईकच्या बॅटरीचं व्होल्टेज दाखवणारे, गिऱ्हाइकांकडून परत आलेले मीटर ठेवलेत, अगदी पहिल्या खेपेपासूनचे. नवीन मुलगा कामाला लागला की त्याला आधी ती फळी दाखवतो.

मी मूळचा इन्व्हर्टर-यूपीएस दुरुस्तीवाला. नोकरी महाप्याला, घर ऐरोलीला. खाडीच्या खाऱ्या हवेत बाईकच्या बॅटरीच्या टर्मिनलवर दर पावसाळ्यात हिरवट-पांढरा क्षार चढायचा, आणि नेमका ड्युटीच्या वेळी सेल्फ कट-कट करून गप्प बसायचा. शेजारपाजारचे हाक मारायचे, मी मल्टिमीटर घेऊन खाली. बरेच दिवस हे फुकट चालल्यावर बायको म्हणाली, "एवढे आकडे तोंडपाठ झालेत, तर गाडीच्या हँडललाच मीटर लावून द्या ना. सकाळचा चहा तरी गरम प्याल." धंद्याची कल्पना ही अशी तिची. आजही हिशेब तीच बघते, उधारी मागायला मात्र मला पाठवते.

पहिले ५० मीटर घरातच बनवले. लावायला सोपं पडावं म्हणून करंट हेडलाइटच्या वायरमधून घेतला आणि तिथंच फसलो. बॅटरीपासून हेडलाइटपर्यंत फ्यूज, चावीचा स्विच, तीन-चार कपलर (वायरींचे जोड); प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं व्होल्टेज पडतं. बॅटरीवर १४.१ व्होल्ट असताना आमचा मीटर १३.५ दाखवायचा, जुन्या गाडीत त्याहून कमी. लोक घाबरले. दोघांनी चांगली बॅटरी बदलली, एकाने आर.आर. युनिट, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर. त्यांचे पैसे भरून देण्याची तेव्हा माझी ऐपत नव्हती. ते अजून बोचतं.

दुसऱ्या खेपेला जोडणी थेट बॅटरीवर केली. आकडा बरोबर यायला लागला, पण मीटर आता चोवीस तास जागा, १८ मिलिअँपिअर खात बसलेला. ऐकायला किरकोळ वाटतं. कळव्याचं एक गिऱ्हाईक गणपतीला दहा दिवस देवरुखला गेलं. १८ मिलिअँपिअर गुणिले २४० तास म्हणजे ४.३ अँपिअर-अवर, आणि त्याच्या गाडीची बॅटरी होती ४ अँपिअर-अवरची. परत आल्यावर चावी फिरवली तर न्यूट्रलचा दिवासुद्धा लागेना. फोनवर म्हणाला, "दादा, तुमचा राखणदारच चोर निघाला." मी काय बोलणार? फळीवर सगळ्यात जास्त नग याच खेपेचे आहेत.

आता मीटर झोपतो, दर काही सेकंदांनी जागा होऊन मोजतो आणि परत झोपतो. सरासरी अर्धा मिलिअँपिअरसुद्धा लागत नाही. बॅटरीपाशी १ अँपिअरचा फ्यूज देतो. तो काढून टाकणाऱ्या मेकॅनिकशी माझं आजही भांडण होतं.

खरं शिक्षण मात्र झालं ते कळव्याच्याच एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे. सगळे त्यांना मामा म्हणतात. सेल्फ मारताना ते हॉर्न दाबून ऐकतात आणि आवाज किती दबला त्यावरून बॅटरीचं वय सांगतात. आमचा मीटर हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हा आकडा कधीचा? झोपेतला, उठतानाचा की पळतानाचा?" माझ्या मीटरला हे ठाऊकच नव्हतं.

त्यानंतर आम्ही मीटर नव्याने बांधला. रात्रभर उभ्या गाडीला १२.७ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२ ला आली तर उतरलीच. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या खाली घसरलं तर बॅटरी थकलेली, मग उभ्याने कितीही छान दाखवू दे. आणि रेस दिल्यावर १३.८ ते १४.६ हवं. तिथंही १२.५ च राहिलं तर बॅटरीला दोष देऊ नका; चार्जिंगची कॉइल, आर.आर. युनिट नाहीतर जळलेला कपलर बघा. १५ च्या वर गेलं तर आर.आर. गेलं, ते बॅटरी उकळवून मारतं. हे तीन आकडे मीटर आपले आपण ओळखून वेगवेगळे लक्षात ठेवतो. गाडी रेस न देता नुसती चालू उभी असताना व्होल्टेज कमी म्हणून ओरडत नाही, कारण तिथं थोडं कमी असतंच.

कायद्याने धंद्याला हात दिला, हे कबूल करायला हवं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागू लागला. ३५ वॅटचा हॅलोजन म्हणजे जवळपास ३ अँपिअर, दिवसाढवळ्या. घर ते स्टेशन असं दोन किलोमीटर ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्या गाडीची बॅटरी सेल्फने खाल्लेलं भरून काढत नाही. मग १ एप्रिल २०२० ला गाडीच्या धुराचा नवा नियम, बीएस-६, आला. बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर जाऊन विजेवर चालणारा फ्युएल पंप आला, कितीतरी मॉडेलांची किकही गेली. बॅटरी पार उतरली की धक्का मारूनही उपयोग नाही. त्याच वेळी टाळेबंदी. आमचा गाळा बंद, भाडं चालू. पण सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्या बाहेर निघाल्या तेव्हा फोन थांबेना. दिघ्याच्या दोन ताई तेव्हा सोल्डरिंगला आल्या, त्या आज सगळी तपासणी सांभाळतात. माझा नग नापास करायलाही मागेपुढे पाहत नाहीत.

सध्या डोक्याला ताप आहे लिथियमचा. हौशी मंडळी वजन कमी करायला लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी टाकतात. ती भरलेली असताना उभ्याने १३.३ च्या आसपास असते आणि १२.८ म्हणजे बरीच उतरलेली. आमचा मीटर मात्र १२.८ ला खुशाल हिरवा दिवा लावतो. वेगळा तक्ता टाकून १० नग बनवलेत, त्यातला एक माझ्याच गाडीवर आहे. एक पावसाळा काढू दे त्यांना. तोवर लिथियमवाल्याचा फोन आला की बायको सरळ सांगते, "तुमच्यासाठी अजून नाही हो."