भिंतीवरचा चौकोन

"हा फोटो काढा ताई, आणि बघायला येणाऱ्यांना दुपारी बाराचीच वेळ द्या. पाचनंतर हे घर थकलेलं दिसतं." घर विकून देणारा एजंट सहज बोलून गेला.

थकलेलं. तेवढा एकच शब्द दिवसभर मनात रुतून बसला.

तसं त्याचं चुकत नव्हतं. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो. म्हणून पडदे धुतले, काचा पुसल्या, पांढरे दिवे काढून २७०० केल्विनचे पिवळसर बल्ब लावले. बंद खोलीत कोंदट वास राहतो, तर सकाळीच खिडक्या सताड उघडल्या आणि लोक यायच्या बऱ्याच आधी मिटल्या.

मग आईबाबांचा फोटो उतरवला. मागे मूळ रंगाचा स्वच्छ चौकोन. बाकीची भिंत किती मळलीय, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

हिवाळ्यातला सूर्य खाली असतो, ऊन तिरकं होऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येतं. बाराच्या सुमाराला ते नेमकं त्या चौकोनावर येऊन थांबलं. मीही थांबले.

रंगाचा डबा आणलाय. भिंतीला एक हात मारायचा, एवढंच काम. ब्रश अजून कोरडाच आहे.

घर विकताना तुम्ही सगळ्यात शेवटी काय उतरवलं होतंत?