मेश दुरुस्तीची नोंद : स्टॅनफर्डचा ससा छपाईयोग्य करताना

त्रिमितीय छपाईसाठी मेश (म्हणजे त्रिकोणांच्या जाळीने बनलेला वस्तूचा पृष्ठभाग) असलेली फाइल तयार करण्याचा माझा क्रम आता बराचसा पक्का झाला असून, तो तपासण्यासाठी या वेळी मी स्टॅनफर्डचा ससा निवडला. ग्रेग टर्क आणि मार्क लेव्हॉय यांनी १९९४ मध्ये मातीच्या एका सशाचे अनेक बाजूंनी केलेले स्कॅन जोडून ही मेश तयार केली. मूळ पीएलवाय फाइल (शिरोबिंदू आणि त्रिकोण यांची यादी ठेवणारे स्वरूप) स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संग्रहातून मोफत मिळते, त्यामुळे पुढील आकडे आपल्याला स्वतः पडताळता येतील.

मेशलॅब या मेश पाहण्याच्या व दुरुस्त करण्याच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली की ३५,९४७ शिरोबिंदू आणि ६९,४५१ त्रिकोण दिसतात. समोरून ससा निर्दोष वाटतो. परंतु त्रिकोणांची संख्या विषम आहे, आणि एवढ्यावरूनच ही मेश बंद नाही हे सिद्ध होते. बंद मेशमध्ये प्रत्येक कडेला नेमके दोन त्रिकोण लागलेले असतात, म्हणजे त्रिकोणांची तिप्पट ही कडांच्या दुपटीइतकी भरते, आणि ते त्रिकोण समसंख्य असल्याशिवाय जमत नाही. (संख्या सम आली म्हणून मेश बंदच असेल, असे मात्र नाही.) ससा उलटा केला की तळाशी पाच छिद्रे सापडतात. ती शोधताना पाठमोरे त्रिकोण न दाखवण्याचा, म्हणजे ‘बॅक-फेस’मधील ‘कल’ हा पर्याय जरूर निवडावा. उलट्या दिशेचे त्रिकोणही त्यातच उघडे पडतात. पृष्ठभाग पाहताना छायांकन ‘व्हर्ट’ऐवजी ‘फेस’वर ठेवावे, कारण गुळगुळीत छायांकन ओबडधोबड त्रिकोण झाकून टाकते.

दुरुस्तीत क्रमाला फार महत्त्व आहे. प्रथम कोणत्याही त्रिकोणात न वापरलेले शिरोबिंदू काढून टाकावेत. या फाइलमध्ये असे १,११३ निघतात आणि ३४,८३४ उरतात. त्यानंतर ‘क्लोज होल्स’ हे छिद्रे बुजवण्याचे साधन वापरावे, मात्र छिद्राच्या कमाल आकाराची मर्यादा वाढवून, नाहीतर मोठी छिद्रे तशीच राहतात. नवे शिरोबिंदू न घालता पाचही छिद्रे बुजवली, तर ६९,६६४ त्रिकोण झाले पाहिजेत. आरपार भोक नसलेल्या कोणत्याही एकसंध बंद मेशमध्ये त्रिकोणांची संख्या शिरोबिंदूंच्या दुपटीपेक्षा नेमकी चारने कमी असते, हा ऑयलरच्या सूत्राचा (शिरोबिंदू वजा कडा अधिक त्रिकोण = २) सरळ परिणाम आहे. डोळ्यांनी पुन्हा पुन्हा न्याहाळण्यापेक्षा माझा या वजाबाकीवर अधिक विश्वास आहे.

हे सर्व काम पीएलवायमध्येच करावे आणि एसटीएल, म्हणजे छपाईसाठी द्यायची फाइल, अगदी शेवटी काढावी, असे माझे ठाम मत आहे. एसटीएलमध्ये प्रत्येक त्रिकोण आपले तिन्ही बिंदू स्वतंत्रपणे लिहितो, त्यामुळे ती उघडताना समान बिंदू एकत्र केले नाहीत, तर प्रत्येक कडा सुटीच समजली जाते आणि छिद्रांचा शोध निरर्थक ठरतो. बायनरी एसटीएलचा आकार मात्र आधीच काढता येतो : सुरुवातीचे ८४ बाइट आणि प्रत्येक त्रिकोणामागे ५० बाइट. आपला बंद ससा ३४,८३,२८४ बाइटचा होतो. फाइल त्याहून लहान निघाली, तर ती अर्धवट उतरली आहे असे समजावे.

एसटीएलमध्ये मोजमापाचे एककही नसते. मूळ फाइलमध्ये सशाची उंची सुमारे ०.१५ आहे, आणि स्लायसर (मेशचे छपाईचे थर पाडणारा प्रोग्रॅम) ती मिलिमीटरमध्ये धरत असल्याने छपाईच्या तक्त्यावर ससा दिसतच नाही. एक हजार पटींनी मोठा केला की उंची साधारण १५४ मिमी येते. शिवाय या मेशमध्ये वाय अक्ष वर आहे आणि स्लायसरमध्ये झेड. म्हणून एक्स अक्षाभोवती ९० अंश फिरवल्यावरच ससा तळावर बसतो. हे दोन्ही बदल फक्त एसटीएलच्या प्रतीत करावेत.

मोबाइलवर दाखवण्याच्या प्रतीसाठी मी ‘क्वाड्रिक एज कोलॅप्स’ने (कडा मिटवून त्रिकोण कमी करण्याच्या मेशलॅबमधील साधनाने) त्रिकोण १०,००० पर्यंत उतरवतो, कानांच्या कडा तेवढ्यावरही नीट टिकतात. पुढे ब्लेंडर या त्रिमितीय प्रोग्रॅममधून जीएलबी, म्हणजे पडद्यावर दाखवण्यासाठीची फाइल, काढताना एक गोष्ट पाहावी. या स्वरूपात एकक मीटर आणि वाय अक्ष वर असाच नियम असल्याने मूळ ससा त्यात जसाच्या तसा बसतो. म्हणून पीएलवाय आत घेताना अक्ष बदलले नसतील, तर निर्यातीतील ‘प्लस वाय अप’ची खूण काढून टाकावी, अन्यथा व्ह्यूअरमध्ये ससा आडवा पडलेला दिसतो.