पुठ्ठ्यामागचा मास्तर

कुंद्याच्या मिठाईचा रिकामा खोका उलगडून टेबलावर उभा केला की त्याच्या आड बसलेला माणूस किती निर्दय होऊ शकतो, हे मला बेळगावात, टिळकवाडीतल्या एका माडीवर, ऐन जुलैच्या पावसात कळले. पुठ्ठ्यावर तुपाचा डाग होता आणि त्या डागामागे बसून आमचा मास्तर वीस बाजूंचा फासा टाकत असे. आम्हाला फक्त आवाज ऐकू यायचा. मग थोडी शांतता, आणि मग निकाल.

खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्सचा. चौघे जण एकेक पात्र घेऊन बसतात आणि पाचवा, म्हणजे डंजन मास्टर, उरलेले सगळे जग चालवतो: दाराआड काय आहे, राक्षस किती आहेत, पूल मोडका आहे की धड. आमच्याकडे 'मास्टर'चे 'मास्तर' व्हायला पहिला रविवारसुद्धा पुरला नाही, आणि मास्तर म्हटल्यावर छडी आलीच.

माझे पात्र चोराचे होते. तीन आठवडे जपलेल्या त्या चोराने एका भुयारात दार तपासले, कुलूप तपासले, उंबरा तपासला आणि आत पाऊल टाकले, तोच वरून दगड कोसळून तो जागीच मेला. मी हरकत घेतली, तेव्हा मास्तर अत्यंत शांतपणे म्हणाला, "छताकडं बघतो असं तू म्हणालाच नाहीस की." शेजारी बसलेल्या कन्नडभाषक मित्राने माझ्या कागदाकडे पाहून "सत्त" एवढेच म्हटले. या शब्दाचा अर्थ सीमाभागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

त्यानंतर आमचा खेळच बदलला. एखादी खोली ओलांडायला पाऊण तास लागू लागला, कारण प्रत्येक जण तहसील कचेरीतल्या अर्जासारखी बिनतोड वाक्ये रचू लागला: मी दहा फुटी काठीने फरशी ठोकतो, मग छत ठोकतो, मग ठोकताना मागेही बघतो. (दोन भाषांत अर्ज लिहिण्याचा आम्हा सीमावासीयांचा सराव असा उपयोगी पडेल, असे वाटले नव्हते.) गावकऱ्यांशी बोलणे बंद झाले, कारण जो बोलेल तो दगा देणार हे ठरलेलेच होते. पात्रांना आईबाप, भाऊबहीण ठेवणेही आम्ही सोडून दिले, कारण मास्तर पुढच्याच रविवारी त्यांना पळवून नेत असे. भीतीने खेळणारा माणूस हुशार होतो खरा, पण ती हुशारी कोर्टकचेरीच्या कामाची. तिच्यातून गोष्ट होत नाही.

मास्तरचे म्हणणे असे की मूळ खेळ असाच होता. त्यात तथ्य नाही असे नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 1974 साली हा खेळ आणला, तेव्हा हिट पॉइंट, म्हणजे पात्रात उरलेला जीव मोजणारा आकडा, शून्यावर आला की पात्र मेले, विषय संपला. 2014 सालच्या आवृत्तीत मात्र शून्यावर आलेल्याला फासा टाकून जीव वाचवण्याची संधी मिळते. गायगॅक्सने या खेळासाठी रचलेले 'टूम ऑफ हॉरर्स' हे थडगे तर पात्रे मारण्यासाठीच प्रसिद्ध आहे. त्यात भिंतीवर हिरव्या सैतानाचे एक तोंड आहे, आणि त्याच्या उघड्या जबड्यात जो शिरला तो कायमचा नाहीसा झाला. पण मास्तर एक गोष्ट सोयीस्करपणे विसरत असे. ते थडगे 1975 साली ऑरिजिन्स या खेळांच्या संमेलनातल्या स्पर्धेत वापरले गेले होते. तिथे सगळ्या गटांपुढे तेच तोंड, तोच जबडा. शिवाय 1974 च्या त्या पुस्तिकांत खेळ चालवणाऱ्याला म्हटले होते 'रेफरी', म्हणजे पंच. पंच कडक असावा, यावर माझी काहीच तक्रार नाही. पण पंचाने पॅड बांधून खेळायला उतरावे, आणि तेही गल्लीत बॅट त्याचीच असताना, हे जरा जास्तच होते. राक्षस किती हे जो ठरवतो, त्याने आम्हाला हरवण्यात कसले कौतुक? त्याने नुसते "आकाश कोसळले" म्हटले असते तरी आम्ही मेलोच असतो.

हे सगळे मी गणपतीच्या सुट्टीपर्यंत मोठ्या तावातावाने सांगत होतो. मग मास्तर कंटाळला आणि पुठ्ठा माझ्याकडे आला.

मी आठवडाभर राबलो. चोर्ला घाटासारखा एक घाट रचला, धुके रचले, लंगडणारा आणि विड्या ओढणारा दरोडेखोरांचा एक म्होरक्या रचला. त्याचे बोलणे आरशासमोर म्हणूनही पाहिले. रविवारी तो झाडीतून बाहेर आला, घसा खाकरला, आणि पहिले वाक्य पुरे होण्याआधीच आमच्या माजी मास्तरच्या फाशावर वीस पडले. त्याच्या मागोमाग कन्नड मित्राचे एकोणीस. म्होरक्या विडीसकट आडवा झाला. चौघे टाळ्या देत हसत होते आणि माझे कान तापले होते. तीन आठवडे जपलेला चोर मेला तेव्हाही मला इतके लागले नव्हते.

"झाडीतून आणखी सहा जण बाहेर येतात," मी म्हणालो. ते सहा जण माझ्या वहीत कुठेही नव्हते. मी पुठ्ठ्याआड फासा टाकला, तीन पडले, आणि मी तोंड उघडून म्हणालो, "सतरा."

माजी मास्तरने माझ्याकडे क्षणभर निरखून पाहिले. नक्कल केलेले अक्षर गुरुजींना जसे लांबूनच ओळखू येते, तसे त्याला ते आले असावे. त्याने बशीतला कुंद्याचा तुकडा तोंडात टाकला, बोटे पुसली आणि म्हणाला, "पुठ्ठा काढ की जरा."

मी पुठ्ठा आडवा केला. फासा अजून तिथेच होता, तिनावर.