मॉन्टेरीचे गाड्यांचे लिलाव: हातोडा पडायच्या आधीच पोहोचा

मॉन्टेरीला जाणाऱ्याने बॅगेत सगळ्यात आधी स्वेटर टाकावा. कॅलिफोर्निया आणि तोही ऑगस्ट, म्हणून आम्ही दोघं भाऊ सुती शर्ट घेऊन गेलो होतो. तिथे समुद्रावरून येणारं धुकं पार दुपारपर्यंत हटत नाही आणि सूर्य कलला की पुन्हा गारठा. लिलावाचे तंबू उघड्या मैदानावर असतात, कार्यक्रम रात्रीपर्यंत चालतो. पहिल्याच संध्याकाळी दादाने दोन जाड जॅकेटं विकत आणली, तेव्हा कुठे निवांत उभं राहता आलं.

जुन्या, दुर्मीळ गाड्यांच्या जगात ऑगस्टच्या मध्यावरचा हा आठवडा म्हणजे वारीच. रविवारी पेबल बीचच्या गोल्फ मैदानावर, समुद्राला लागून असलेल्या हिरवळीवर कॉन्कोर्स, म्हणजे जुन्या देखण्या गाड्यांची स्पर्धा, भरतं. 1950 पासूनची ही परंपरा. त्याच्या आधीच्या तीन-चार दिवसांत आसपास लिलाव कंपन्यांचे मोठमोठे लिलाव होतात: आरएम सदबीज, गुडिंग, बॉनहॅम्स, शिवाय मेकम आणि इतर. सगळं बघायचं ठरवलंत तर काहीच धड बघून होणार नाही. दोन लिलाव निवडा आणि बाकीचे सोडून द्या. जड जातं, पण सोडा.

राहण्याचं आधी सांगतो. मॉन्टेरी आणि कार्मेलमधल्या खोल्या या आठवड्यात कितीतरी पट महाग होतात आणि बऱ्याच ठिकाणी ठराविक रात्री घ्याव्याच लागतात. आम्ही सलिनासला राहिलो, साधारण तीस किलोमीटरवर. पैसे वाचले, पण त्याची किंमत हायवे 68 वर मोजली. लगुना सेकाचा रेस ट्रॅक याच रस्त्यावर आहे आणि त्याच दिवसांत तिथे जुन्या रेसिंग गाड्यांच्या शर्यती असतात. सकाळी सातच्या आत निघालो तर ठीक, एरवी रांगेत. सॅन होजे विमानतळावरून येताना अंतर साधारण 120 किलोमीटर आहे. सॅन फ्रान्सिस्कोला उतरण्यापेक्षा ते बरं.

आता मुख्य गोष्ट. लिलाव म्हटलं की लोकांना आठवतो तो हातोडा आणि पडद्यावर पळणारे आकडे. माझ्या मते खरा सोहळा असतो तो आधीचा, पाहणीचा. संग्रहालयात गाडी दोरीपलीकडे असते, दारं बंद, बॉनेट बंद. लिलावाच्या पाहणीत तीच गाडी विकायला उभी असते, म्हणून ती उघडून दाखवतात. तुम्ही वाकून खालून बघू शकता, आत डोकावू शकता, सोबतचा माणूस इंजिनावरचा कोरलेला नंबर दाखवतो. हात मात्र विचारल्याशिवाय लावायचा नाही. प्रवेशाचे नियम प्रत्येकाचे वेगळे: कुठे साधं तिकीट, कुठे छापील कॅटलॉग हाच पास, कुठे पाहणी सगळ्यांना खुली पण संध्याकाळचा हॉल फक्त बोली लावणाऱ्यांना. निघण्याआधी त्या-त्या लिलावाचे नियम वाचून ठेवा.

मी तासभर एका मर्सिडीझ 300 एसएल गलविंगपाशी होतो. 1954 ते 1957 या काळात या कूपे फक्त 1,400 बनल्या. पक्ष्याच्या पंखासारखी वर उघडणारी दारं ही नखऱ्यासाठी आहेत, असं मी लहानपणापासून समजत होतो. दार उघडलं तेव्हा समजलं. गाडीचा सांगाडा बारीक नळ्यांच्या जाळीचा आहे. त्याला बळकटी यावी म्हणून ती जाळी बाजूने इतकी उंच आणली आहे की तिथे नेहमीचं दार बसवायला जागाच उरत नाही. म्हणून दार छतात गेलं. आत बसताना तो रुंद उंबरठा ओलांडावा लागतो, त्यासाठी स्टिअरिंग व्हील खाली दुमडतं. बॉनेट बुटकं राहावं म्हणून इंजिन कुशीवर कलवून ठेवलेलं. फोटोंतून हे एकमेकांशी जोडलेलं दिसत नाही. गाडीपाशी वाकलं की एका अडचणीतून दुसरी आणि दुसरीतून हे रूप कसं घडलं ते डोळ्यांसमोर उलगडतं.

शेजारी पांढरे केस असलेले एक गृहस्थ छोटी टॉर्च आणि हातात मावेल एवढा आरसा घेऊन गाड्या तपासत होते. आयुष्यभर जुन्या गाड्या दुरुस्त केलेले. दादाने त्यांना विचारलं, नवखा माणूस आधी काय बघेल? ते म्हणाले, रंग सगळ्यात शेवटी. आधी दारांच्या फटी बघा, वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का. मग स्क्रूंची डोकी, ती झिजलेली असतील तर कोणीतरी अनेकदा उघडझाप केली आहे. मग पेडलचं रबर आणि सीटचं चामडं: मीटरवर किलोमीटर कमी आणि रबर गुळगुळीत, तर प्रश्न विचारायचा. काचेच्या रबराखाली दुसराच रंग डोकावतो का, तेही त्यांनी आरशाने दाखवलं.

त्यांच्याकडूनच फाइल मागायची सवय लागली. प्रत्येक गाडीबरोबर कागदपत्रांचा गठ्ठा असतो आणि नम्रपणे मागितला तर बघायला मिळतो. कारखान्यातली नोंद, जुनी बिलं, मालकांची साखळी, इंजिन आणि चासी (सांगाडा) कारखान्यातून निघाले तेच आहेत याचा पुरावा. इथे त्याला मॅचिंग नंबर्स म्हणतात. दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो बहुतेक वेळा या गठ्ठ्यामुळे.

आणि हल्ली चकाचक रंगापेक्षा जुनी, न छेडलेली गाडी अधिक मोलाची ठरू लागली आहे. 2024 मध्ये पेबल बीचला सर्वोच्च मान 1934 च्या बुगाटी टाइप 59 ला मिळाला. ती गाडी नव्याने सजवलेली नाही, जशी होती तशी जपलेली आहे. एके काळी ती बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्याकडे होती. जपलेल्या गाडीला तिथे हा मान पहिल्यांदाच मिळाला. मला याचा मनापासून आनंद झाला, कारण एकदा खरवडलेला मूळ रंग कोणीही परत आणू शकत नाही.

संध्याकाळच्या लिलावाबद्दल थोडं. पडद्यावरचा आकडा आणि बातमीतला आकडा वेगळे असतात, कारण हातोडा पडलेल्या किमतीवर खरेदीदाराला प्रीमियम, म्हणजे लिलाव कंपनीचं वेगळं शुल्क, द्यावा लागतो. 2018 मध्ये इथेच एका फेरारी 250 जीटीओवर 4 कोटी 40 लाख डॉलरला हातोडा पडला. पहिल्या अडीच लाखांवर 12 टक्के आणि उरलेल्यावर 10 टक्के धरून खरेदीदाराचे 4 कोटी 84 लाख 5 हजार झाले. म्हणजे फक्त प्रीमियममध्ये 44 लाख डॉलर. प्रत्यक्ष बोली लावणार असाल तर हा हिशेब आधीच कागदावर मांडून जा. नोंदणीसाठी ओळखपत्र आणि बँकेची हमी लागते. नुसतं बघायला आलेल्यांनी निर्धास्त बसावं, कारण नोंदणीचं पॅडल (हातात धरायची नंबराची पाटी) नसलेल्याची बोली धरत नाहीत.

राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विक्रेता गाडी विकत नाही ती, असलेल्या गाडीवर तिथपर्यंत पोहोचेस्तोवर लिलावकर्ता विक्रेत्याच्या वतीने स्वतः बोली वाढवू शकतो. नियमांत तसं लिहिलेलं असतं. म्हणून सुरुवातीच्या चढत्या आकड्यांवरून गाडीला खरंच किती मागणी आहे ते कळत नाही. राखीव किंमत नसलेल्या गाड्यांची कॅटलॉगमध्ये तशी नोंद असते आणि हॉलमधली खरी चुरस तिथे बघायला मिळते. कानही उघडे ठेवा. 2019 मध्ये याच आठवड्यात 1939 च्या पोर्शे टाइप 64 ची बोली 1 कोटी 30 लाख डॉलरवर सुरू झाली, पण पडद्यावर आलं 3 कोटी. इंग्रजीत थर्टीन मिलियन आणि थर्टी मिलियन यांत फरक तो किती! आकडा 7 कोटींपर्यंत चढला, हॉल उभा राहिला, आणि मग खुलासा झाला की खरी बोली 1 कोटी 70 लाखच आहे. गाडी विकली गेली नाही.

माझा सल्ला मात्र हॉलमध्ये फार वेळ न बसण्याचा. गाड्या व्यासपीठाकडे नेण्यासाठी जिथे रांगेत लावतात, त्या कडेला उभे राहा. एकेक इंजिन सुरू होतं, गार हवेत पेट्रोलचा वास पसरतो. एका जुन्या बारा सिलिंडरच्या व्ही-12 इंजिनाचा आवाज तिथे ऐकला तेव्हा दादाने माझा दंड धरला होता, तो गाडी आत जाईपर्यंत सोडला नाही.

माझ्याकडून एक चूक झाली. कॅटलॉगमध्ये लॉटचा, म्हणजे विक्रीला ठेवलेल्या गाडीचा, क्रमांक असतो, वेळ नसते. मला सगळ्यात जास्त बघायची होती ती लान्सिया ऑरेलिया बी24 स्पायडर, 240 मधली एक. व्ही-6 इंजिन कारखान्यात मालिकेने बनू लागलं ते ऑरेलियापासून. पाहणीत ती मी दोनदा डोळे भरून पाहिली होती, पण विक्रीच्या वेळी आम्ही हायवे 68 वर अडकलो. पोहोचलो तेव्हा तिच्यानंतरचे सहा लॉटही होऊन गेले होते. तुम्ही तासभर आधी पोहोचा आणि लिलावाचं थेट प्रक्षेपण फोनवर लावून ठेवा.

रविवारचं कॉन्कोर्सचं तिकीट महाग आहे, ते ऑनलाइन आधीच घ्यावं. गेलात तर उजाडायच्या आत जा. त्या वेळी गाड्या एकामागून एक स्वतःच्या चाकांवर हिरवळीवर येतात. तिकीट परवडत नसेल तर गुरुवारची टूर बघा. स्पर्धेतल्या बऱ्याच गाड्या रस्त्यावरून धावतात आणि रस्त्याच्या कडेने बघायला पैसे पडत नाहीत.

निघायच्या सकाळी आम्ही पुन्हा लिलावाच्या जागी गेलो. धुक्यात बंद ट्रेलर उभे होते. लान्सिया तिथेच होती, विंडशील्डवर दवाचे थेंब. तिघांनी तिला इंजिन सुरू न करता ढकलत फळीवर चढवलं. एकाने पट्टे आवळले, दुसऱ्याने आपल्या शर्टाच्या बाहीने काच पुसली, आणि मग दार लागलं.